कारागृहातला 'कॉन्ट्राबँड': तस्करीचा माल की निषिद्ध वस्तू?

प्रश्न असा आला आहे: कारागृहातील कर्मचाऱ्यांनाही शिक्षेची तरतूद करणाऱ्या प्रस्तावित कायद्यावर लिहिताना 'कॉन्ट्राबँड' या इंग्रजी शब्दाला मराठीत 'तस्करीचा माल' म्हणावे का? आणि कर्मचाऱ्याच्या बाबतीत 'दुर्लक्ष' लिहावे की 'संगनमत'?

'तस्करीचा माल' नको. कारागृहाच्या फाटकावर अडवल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू फाटकाबाहेर कायदेशीरच असतात: मोबाइल, सिमकार्ड, चार्जर, रोख पैसे. 1894 च्या कारागृह अधिनियमातली व्याख्याही याच धर्तीची आहे: जी वस्तू आत आणायला किंवा बाहेर न्यायला नियमांनी मनाई केली आहे, ती. इंग्लंड-वेल्समध्ये तर अशा वस्तूंच्या ए, बी, सी अशा तीन याद्याच आहेत. पहिलीत अमली पदार्थ, स्फोटके, शस्त्रे. दुसरीत दारू, मोबाइल, कॅमेरे. तिसरीत तंबाखू, पैसे, कपडे, खाण्याचे पदार्थ, पत्रे, पुस्तकेसुद्धा. सदऱ्याला किंवा पत्राला तस्करीचा माल कसे म्हणणार? गांजा सापडला तर गोष्ट वेगळी. तिथे अमली पदार्थांविषयीचा 1985 चा कायदाही लागू होतो.

म्हणून 'निषिद्ध वस्तू' हा शब्द घ्यावा. 'प्रतिबंधित वस्तू' बातमीत चालते, चुकीची नाही. फलकावर लावायचा मजकूर असेल तर 'आत नेण्यास मनाई असलेल्या वस्तू' हे मुलाखतीला आलेल्या नातेवाइकांना लगेच कळते. 'चोरटा माल' मात्र टाळा, त्याने वस्तू चोरीची आहे असा अर्थ होतो. 'मुद्देमाल'ही सरसकट वापरू नये. झडतीत सापडून जप्त झाल्यावर, पंचनाम्यात नोंद झाल्यावर वस्तू मुद्देमाल होते. आत जाताना ती मुद्देमाल नसते.

आता कर्मचारी. इथे क्रियापद चुकले की आरोपच बदलतो, म्हणून सावकाश पाहू. 1894 च्या अधिनियमाचे कलम 42 निषिद्ध वस्तू आत नेणाऱ्या किंवा बाहेर काढणाऱ्या कुणालाही लागू होते. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात अधिकाऱ्यासाठी आणखी एक कृती सांगितली आहे, तिचे इंग्रजी क्रियापद 'सफर' (suffer). शब्दकोश उघडून कुणी त्याचे 'सहन करणे' करतो आणि वाक्याचा विचका होतो. मराठीत यासाठी 'देणे' हे सहायक क्रियापद तयारच आहे: जाणूनबुजून वस्तू आत येऊ देणे, बाहेर जाऊ देणे, कैद्याजवळ राहू देणे. कलमाच्या इंग्रजीपेक्षा हे मराठी मला जास्त स्वच्छ वाटते.

'येऊ देणे' सिद्ध व्हायला जाणीव पुरते. पैसे घेतले किंवा कैद्याशी ठरवले होते, हे दाखवावे लागत नाही. 'संगनमत' म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेले, त्यामुळे तपासात तसे पुढे येईपर्यंत तो शब्द लिहू नये. 'दुर्लक्ष' हा तिसराच प्रकार. झडती घ्यायची होती आणि घेतली नाही, तर 'कर्तव्यात कसूर' म्हणा. नियमांचे जाणूनबुजून उल्लंघन किंवा हयगय करणाऱ्या जेलर व त्याच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांसाठी कलम 54 वेगळे आहे आणि तिथे कैदेची मर्यादा 3 महिने आहे. एकाच शिपायाबद्दल 'नेली', 'नेऊ दिली' आणि 'झडतीत कसूर केली' ही तीन वाक्ये म्हणजे तीन निरनिराळे आरोप आहेत. बातमीत ती एकमेकांच्या जागी सर्रास पडतात. एखाद्याची नोकरी त्यावर टांगलेली असते, तेव्हा एवढी काळजी घ्यायलाच हवी.

केंद्राने 2023 मध्ये तयार केलेल्या 'मॉडेल' कारागृह अधिनियमात मोबाइलसारख्या निषिद्ध वस्तूंच्या वापराबद्दल कैदी आणि कर्मचारी दोघांनाही शिक्षेची तरतूद आहे. त्याच्या नावातल्या 'मॉडेल'चे मराठी 'नमुना' करावे, 'आदर्श' नको. कारागृह हा राज्यसूचीतला विषय, तेव्हा केंद्राचा मसुदा राज्यांसमोर ठेवलेला नमुनाच ठरतो. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो तिथे लागू होत नाही.

इमारतीला 'सुधारगृह' म्हणू नका. मराठी वाचकाला त्यातून बालसुधारगृह आठवते. आपल्या राज्यातल्या विभागाच्या नावात 'सुधारसेवा' असली, तरी इमारत कारागृहच.

शेवटचा खड्डा 'बंदी' या शब्दाचा. कारागृहाच्या कागदपत्रांत कैद्याला 'बंदी' म्हणतात, 'न्यायाधीन बंदी' (खटल्याचा निकाल लागायचा असलेला कैदी) वगैरे. त्यामुळे 'बंदीकडे बंदी असलेली वस्तू सापडली' असे वाक्य सहज होऊन बसते. 'न्यायाधीन बंद्याजवळ निषिद्ध वस्तू सापडली' असे लिहा, किंवा सरळ 'कैद्याजवळ मोबाइल सापडला'. वस्तूचे नाव माहीत असेल तर तेच द्यावे.