प्रकाशाच्या चिमट्याचा काटा

प्रश्न : लेझरच्या चिमट्याने पिकोन्यूटनएवढं (न्यूटनच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं) बल मोजतात म्हणे. पण त्याला ताणकाटा लावतात कुठे? – एक वाचक, सातारा

उत्तर : चिमटा हाच ताणकाटा! एक मायक्रॉनचा प्लास्टिकचा मणी लेझरच्या केंद्रात अडकला, की स्प्रिंगला बांधल्यासारखा वागतो. स्प्रिंग किती ताठ, हेही मणीच सांगतो; पाण्याचे रेणू त्याला सतत ढोसत असतात ना! त्याने मणी जितका कमी थरथरेल, तितकी स्प्रिंग ताठ. ही थरथर सरासरी 10 नॅनोमीटर भरली, तर ताठरपणा नॅनोमीटरमागे सुमारे 0.04 पिकोन्यूटन. मग कुणी मणी 50 नॅनोमीटर ओढला, तर बल 2 पिकोन्यूटन. पेशीतलं कायनेसिन हे प्रथिन 8 नॅनोमीटरची पावलं टाकत ओढतं आणि 5 ते 7 पिकोन्यूटनला अडतं. माझा पहिला आठवडा मात्र एसीने खाल्ला. मी मोजत होतो ती थरथर मण्याची नव्हतीच, टेबलाची होती.