पालमचं हवाई दलाचं संग्रहालय मुलांसोबत कसं पाहावं?

प्रश्न असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून सहावीतलं आणि नववीतलं लेकरू घेऊन दिल्लीला जायचं आहे. पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला किती वेळ द्यावा, तिथे काय पाहावं, आणि आपल्या मराठवाड्याशी नातं सांगणारं तिथे काही आहे का?

आधी वाराचा हिशेब करा, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. संग्रहालय बुधवार ते रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडं असतं. सोमवार आणि मंगळवार बंद. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. सचखंड एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला सोडते, म्हणून सोमवारी परभणीला गाडीत बसून बुधवारी सकाळी संग्रहालय गाठायचं, हे गणित छान जुळतं. शनिवारी निघाल तर रविवारी दुपारी सामानसुमान घेऊन धावपळ होईल आणि पुढचे दोन दिवस फाटक बंद सापडेल. जागा हवाई दलाच्या ताब्यातली आहे, तेव्हा ऐन सणाचा दिवस टाळा आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या.

मेट्रोने यलो लाइनवरून हौज खासला या, तिथे जनकपुरीच्या दिशेची मॅजेंटा लाइन धरा, टर्मिनल १ किंवा पालम स्टेशनला उतरून पुढे रिक्षा करा. रिक्षावाल्याला ‘एअर फोर्स म्युझियम’ असंच सांगायचं. नुसतं ‘पालम एअरपोर्ट’ म्हटलं की तो प्रवासी टर्मिनलच्या दारात नेऊन उभं करतो. मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा. आतल्या दालनात फोटोला मनाई असते. बाहेर फोटो काढता येतात, तरी फाटकावरच्या जवानाला एकदा विचारा आणि कॅमेरा धावपट्टीच्या दिशेने वळवू नका. पाण्याच्या बाटल्या आणि डबा घरून न्या.

वेळ तीन तास ठेवा. सगळी विमानं पाहायचा हट्ट धरलात तर चाळिसाव्या मिनिटाला लेकरं कंटाळतील, कारण पाट्यांवर नाव, साल आणि वेग यापलीकडे फारसं काही नसतं. आठ-दहा विमानं निवडा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: इंजिनाला हवा कुठून मिळते, आणि त्यापायी विमानाचा आकार कसा बदलला? एवढ्या एका धाग्याने सगळा हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, उलगडतो.

दहा वाजता आत शिरलात की आधी बाहेरची मोठी विमानं उरका. दुपारी डांबर आणि पत्रा दोन्ही तापतात. बाहेरचा मानकरी म्हणजे लिबरेटर, चार इंजिनांचा अमेरिकी बॉम्बफेकी. पंखांचा पसारा ३३ मीटरहून जास्त, पण पंख रुंदीला अगदी अरुंद. दूरवर जाण्यासाठी तो तसा घडवला होता. पोटाखाली वाकून बॉम्बच्या कप्प्याची दारं बघायला सांगा. ती बिजागरीवर खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी कडेने वर गुंडाळली जातात, म्हणजे उघडी असतानाही वाऱ्याला फारशी आडवी येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला अशी विमानं मुद्दाम नादुरुस्त करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यातली चाळीसेक पुन्हा उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. भारतीय तंत्रज्ञांचं याहून मोठं कर्तृत्व त्या पटांगणात दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जवळच पॅकेट हे मालवाहू विमान आहे. त्याच्या पाठीकडे लक्ष द्या. उंचावर हवा विरळ होते, पिस्टन इंजिनांचा जोर घटतो आणि पंखांनाही उचल कमी मिळते. लडाखच्या धावपट्ट्यांसाठी आपल्या लोकांनी त्याच्या पाठीवर ऑर्फियस हे जेट इंजिन जादा बसवलं. १९६२ साली स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीला, १६ हजार फुटांहून अधिक उंचीवर, पॅकेट उतरवलं होतं. ऑर्फियस हे नाव लेकरांना लक्षात ठेवायला सांगा, आत ते पुन्हा भेटणार आहे. मिग-२५ समोर पाचच मिनिटं पुरेत: आवाजाच्या अडीचपट वेगाला अंग इतकं तापतं की ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून त्याचा बराचसा सांगाडा पोलादाचा आहे.

हँगरमध्ये वापितीपासून सुरुवात करा. १ एप्रिल १९३३ ला कराचीत हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती अशा चार विमानांवर. दुहेरी पंख, मधे ताणलेल्या तारा, उघडं इंजिन. शेपटीखाली चाकाच्या जागी घसरती पट्टी आहे, कारण तेव्हाची धावपट्टी म्हणजे मैदान. जगात शिल्लक राहिलेलं वापिती हे एवढंच.

मग हरिकेन आणि स्पिटफायर पाहा, एकामागून एक. हरिकेनच्या मागच्या अंगावर उभ्या-आडव्या कडा उठून दिसतात, त्या लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाच्या. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावून भागायचं. स्पिटफायरचं अंग पत्र्याचं आहे आणि पत्राच भार पेलतो. ते वेगवान, पण दुरुस्तीला अवघड.

व्हॅम्पायरला दोन शेपट्या का? मुलं हमखास विचारतात. सुरुवातीची जेट इंजिनं अशक्त होती. मागचा धूर लांब नळीतून न्यायचा तर जोर वाया जातो. म्हणून इंजिन आखूड अंगात बसवून धूर लगेच बाहेर सोडला आणि शेपूट दोन दांड्यांवर मागे नेली. त्या आखूड अंगाचा पुढचा भाग लाकडाचा आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाला खरं वाटत नाही. १९४८ मध्ये आलेलं हे आपलं पहिलं जेट. पुढे तुफानी या जेटचे सरळ पंख आणि मिस्टेअर या जेटचे मागे झुकलेले पंख शेजारी ठेवून दाखवा. आवाजाच्या वेगाजवळ जाताना पंखावरची हवा दाटून धक्के देते, आणि पंख झुकवले की तो त्रास उशिरा सुरू होतो.

नॅटपाशी सगळ्यात जास्त वेळ काढा. हे विमान आपल्या लालपरीपेक्षाही आखूड आहे: लांबी ९ मीटरच्या आत, पंख पावणेसात मीटर. लेकरांना शेजारून पावलं मोजायला लावा. इतक्या छोट्या अंगात वेगळे ब्रेक बसवायला जागा नव्हती, म्हणून चाकांची झाकणंच अर्धवट उघडून हवेत ब्रेकचं काम करतात. दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडाशी एकेक ३० मिमीची तोफ आहे. लहान असल्याने ते शत्रूला चटकन दिसत नसे आणि झपकन वळे. उणिवाही होत्या: तोफा अडकायच्या, हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) दगा द्यायचं, वैमानिकाला अंग हलवायला जागा नसायची. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानच्या सेबर विमानांशी एकटे लढले ते याच जातीच्या विमानातून. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव.

नॅटचं इंजिन तेच, ऑर्फियस. मारुतमध्ये तशी दोन आहेत. मारुत म्हणजे कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बेंगळुरूला घडलेलं आपलं लढाऊ विमान, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. अंग कमरेत बारीक झालंय ते पाहा. ध्वनीच्या वेगाजवळचा अडथळा कमी करण्यासाठी ती कंबर काढली होती. आकार आवाजाचा वेग ओलांडण्यासाठी तयार होता, पण त्या तोलाचं इंजिन कधीच मिळालं नाही आणि सरळ उड्डाणात मारुतने तो वेग ओलांडला नाही. नववीतल्या मुलाला हे नीट समजावून सांगा. मारुतचं दुखणं पंखात नव्हतं, इंजिनात होतं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. हँगरमध्ये टेम्पेस्ट नावाचं एक धिप्पाड, एका पंख्याचं लढाऊ विमान आहे. बहुतेक लोक त्याला स्पिटफायरचा भाऊ समजून पुढे जातात. तुम्ही थांबा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये पुण्याच्या तळावरून याच जातीची विमानं निजामाच्या राज्यावर उडाली आणि तिथल्या विमानतळांवर त्यांनी हल्ले केले. खाली सोलापूरकडून निघालेल्या फौजेने १३ तारखेला नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. शाळेत दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंडा लागतो तो या तारखेचा. टेम्पेस्टच्या नाकात १८ सिलिंडरचं सेंटॉरस इंजिन आहे, नऊ-नऊच्या दोन ओळी, एकामागे एक. जोर अडीच हजार अश्वशक्तीच्या आसपास. पंखांत २० मिमीच्या चार तोफा. मोबाइलची बॅटरी लावून पंख्यामागून आत पाहिलं की सिलिंडरची पुढची ओळ दिसते. ती लेकरांना मोजायला सांगा, नऊ भरली पाहिजेत.