नवी कबुतरं हाताला घाबरतात, काय करावं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली जोडी पंधरा दिवसांनंतरही हात दिसला की फडफडते, असं तुम्ही लिहिलंय. पंधरा दिवस काहीच नाहीत हो. आमच्या फोंड्याच्या घरातली राखी मादी दोन महिने रुसून होती.

हात वरून नेऊ नका. वरून येणारं काहीही त्यांना ससाण्यासारखं वाटतं. खुराडं जमिनीवर असेल तर आधी छातीच्या उंचीवर घ्या, मग तळहात खालून, हळू पुढे करा. आणि टक लावून बघू नका, थोडं बाजूला तोंड करून बसा.

दाणे दिवसभर भरून ठेवलेत तर तुमची गरजच काय त्यांना? मोठ्या कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम पुरतात. ते सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी द्या, उपाशी मात्र ठेवू नका. हातावर फक्त खास खाऊ: कच्चे, बिनमिठाचे शेंगदाणे, बारीक तुकडे करून. आमची मादी आधी मान लांब करून एक तुकडा उचलायची आणि पळायची. आठवड्याने अंगठ्यावर पाय ठेवला, तोही एकच!

पंखाने फटका मारून घुमली तर ती भीती नसते, घरट्याची राखण असते. अंड्यांवर बसलेली असतील तर ते १८ दिवस हट्ट सोडा.

पावसात दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या दमटपणात बुरशी लगेच धरते, आणि आजारी पाखरू कुणाच्याच हातावर येत नाही.