तीन नगरांना मिळून महापालिकेची एकच लाइन आहे, शेवटच्या गल्लीत पाणी पोचत नाही. वाटणी कशी बसवावी?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे सोलापुरात होटगी रोडकडे एकाला एक लागून तीन नगरं आहेत. मिळून ६० नळ, चार इंची एकच लाइन, चौथ्या दिवशी अडीच तास पाणी. पहिल्या नगरात हौद भरून गटारीला वाहतात आणि तिसऱ्यात मोटर लावूनही नुसती हवा येते. सगळे म्हणतात, पाणीच कमी सोडतात.

सोडतही असतील कमी. पण एका टोकाला वाहून जातंय आणि दुसऱ्या टोकाला कोरडं आहे, म्हणजे तुमचं पहिलं दुखणं दाबाचं आहे. "पाणी वाढवा" असा अर्ज आत्ता दिलात तर वाढलेलं पाणीसुद्धा पहिल्याच नगरात जिरेल.

आधी मोजा. २० लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. प्रत्येक नगरातला पहिला आणि शेवटचा असे सहा नळ धरा. पाणी आल्यावर २० मिनिटांनी एकदा आणि तासाभराने पुन्हा, बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. १०० सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर, म्हणजे अडीच तासांत १,८०० लिटर. पाच माणसांच्या घराला चार दिवसांसाठी हे माणशी रोजचे ९० लिटर झाले. शहरी योजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. तेवढं नसलं तरी ९० वर घर चालतं. जमलं तर शून्य ते चार किलोचा, अर्धा इंची आट्याचा प्रेशर गेज पहिल्या आणि शेवटच्या नळाला लावून बघा. एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीचं पाणी. एकमजली घरासाठी जोडणीशी ७ मीटर दाब हवा, असं योजना आखताना धरत आले आहेत. शेवटच्या नळाला काटा हलतच नसेल तर कागदावर तेच लिहा, लाजू नका.

आता दाब जातो कुठे? चार इंची जुनाट लाइनमधून सेकंदाला ४ लिटर पाणी नेलं तर ३०० मीटरवर जेमतेम दीड मीटर दाब खर्च होतो. तिप्पट, म्हणजे १२ लिटर नेलं तर खर्च ११ मीटरच्या आसपास जातो. ६० नळ एकदम उघडे असतात तेव्हा हेच होतं. त्यात एखाद्या नगराला आत तीन इंची पाइप असेल तर त्याच प्रवाहाला चार इंचीच्या चौपट दाब लागतो.

दुसरी चोरवाट खड्ड्याची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नळाचं तोंड जितकं खाली तितकं त्याला पाणी जास्त. पहिल्या नगरातले हौद जमिनीखाली सहा-सात फूट आणि नळ थेट त्यांच्या तळाशी सोडलेला. तिसऱ्या नगरात ओट्यावर तीन फुटांवर तोटी. हा फरक जवळजवळ तीन मीटरचा, म्हणजे शेवटच्या गल्लीत उरलेला सगळा दाब! म्हणून बैठकीत पहिला ठराव हाच करा: ६० घरांत नळाचं तोंड रस्त्यापासून एक फूट वर, त्याच्या खाली नाही. हौद असलेल्यांनी जमिनीवर ५० लिटरचा ड्रम ठेवून त्यात बॉलकॉक लावायचा, आणि ड्रममधून एक इंची पाइप हौदात सोडून तिथे दुसरा बॉलकॉक. हौद भरला की ड्रम भरतो, ड्रम भरला की नळ आपोआप बंद. पाइप नुसता वर आणून बंदच्या बंद पुन्हा खाली नेलात तर सायफन लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. उंची तपासायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, नजरेवर भांडू नका.

तिसरी गोष्ट मोटर. नळाला थेट जोडलेली अर्धा एचपीची मोटर शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच, शिवाय लाइनमध्ये उलटा दाब तयार करते. पाइपला कुठे बारीक फट असेल आणि वर गटार असेल तर ते पाणी आत खेचलं जातं. मळकट, वास येणारं पाणी बहुतेक वेळा असंच येतं. मोटर लावायची ती हौदातून वरच्या टाकीसाठी, नळाला नाही. महापालिका अशा मोटरी जप्त करते, पण धाड यायची वाट कशाला बघायची?

पाळीचं म्हणाल तर तिन्ही नगरांना ५०-५० मिनिटं असे समान तुकडे पाडू नका. अर्धा इंची नळातून मिनिटाला २० लिटर आले तरी ५० मिनिटांत एक हजारच होतात, आणि लाइनची ताकद वाया जाते. कालव्याच्या पाण्यात शेपटाकडून माथ्याकडे पाणी देतात, तेच इथे करा. पहिली ४५ मिनिटं फक्त तिसऱ्या नगराचा व्हॉल्व्ह उघडा. मग दुसऱ्याचा, आणि शेवटचा तासभर तिन्ही. तोवर शेपटाकडचे अर्धेअधिक हौद भरून बॉलकॉक बंद झालेले असतात. पहिल्या नगराला दाब मुळातच जास्त, त्यांचं तासाभरात भागतं. नाही भागलं तर वेळ दहा-दहा मिनिटांनी सरकवा, एका बैठकीत सगळं बसत नाही.

व्हॉल्व्ह मात्र महापालिकेचे आहेत. चावी चावीवाल्या अण्णांकडेच राहू द्या. गल्लीतल्या पोरांच्या हातात पाना दिलात तर आठवड्यात स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, पिळवटतो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून वाटणी करायचा मोहही टाळा. या स्लुइस व्हॉल्व्हचं शटर, म्हणजे आतली वर-खाली सरकणारी झडप, शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत येईपर्यंत प्रवाहात फारसा फरक पडत नाही, आणि तिथे ठेवलं तर ते थरथरून झिजतं. उघडतानाही सावकाश. चार दिवस रिकामी असलेली लाइन हवेने भरलेली असते. झटक्यात उघडली तर सांधे निसटतात. पहिली पाच-दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी झाडांना द्या.

वेळापत्रक वाराने लिहू नका. आपलं पाणी उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं. शिवाय टाकळीला भीमेतून, तेही औज बंधाऱ्यात धरणातून नदीवाटे सोडलेलं, आणि थोडं हिप्परगा तलावातून. पंपिंगची वीज गेली किंवा मोठी लाइन फुटली की पाळी एक दिवस पुढे जाते. "सोमवार तिसऱ्या नगराचा" असं लिहिलं असेल तर त्या दिवशी भांडण ठरलेलंच. पाळी १, पाळी २ असे नंबर द्या. वहीत तारीख, उघडल्याची वेळ, दोन्ही गेजचे आकडे आणि बंद झाल्याची वेळ, एवढे चार रकाने पुरतात.

सहा पाळ्यांची वही झाली की तिची झेरॉक्स घेऊन झोन ऑफिसला जा आणि नेमकं मागा: कुठल्या तोंडाला व्हॉल्व्ह नाही, कुठे उंचावर हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह लागेल, शेवटची दोन बंद टोकं जोडून देता येतील का. गळतीचीही तपासणी त्यांच्याच माणसासमोर करा. पाणी चालू असताना एका नगरातल्या सगळ्यांनी दहा मिनिटं स्टॉपकॉक बंद ठेवायचे, मग नगराचा व्हॉल्व्ह बंद करून गेज बघायचा. काटा भराभर खाली आला तर जमिनीखाली गळती आहे, नाहीतर चोरून घेतलेलं कनेक्शन.

त्याच फेरीत शेवटच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही बघून घ्या, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं हवं. हौदात चार दिवस साठवलेल्या पाण्यात तेही उडून जातं. हजार लिटरला ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३ ग्रॅम, आधी बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी हौदात ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. आणि ज्या घरांत बोअरची लाइन नळाच्या लाइनला एका 'टी'ने, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाने, जोडलेली आहे, ती आजच तोडायला लावा. मधला व्हॉल्व्ह एकदा उघडा राहिला की त्या घरचं बोअरचं पाणी तिन्ही नगरांच्या लाइनमध्ये फिरतं.