हार्ले-डेव्हिडसनची पॅन अमेरिका चालवणाऱ्यांचं तिच्याबद्दल खरं मत काय? क्रूझरवाल्या कंपनीची ॲडव्हेंचर टुरिंग बाइक घ्यावी का?

मत देणारा आधी कोणत्या गाडीवरून उतरलाय, ते विचारा. या बाइकबद्दलची दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की ती आता पाठ झाली आहेत. वर्षानुवर्षं क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे ताणून निवांत चालवायची गाडी, चालवलेला रायडर म्हणतो, "गाडी जबरदस्त आहे, पण हार्ले वाटत नाही." बीएमडब्ल्यूची जीएस किंवा डुकाटीची मल्टिस्ट्राडा अशा दुसऱ्या ॲडव्हेंचर बाइकवरून आलेला म्हणतो, "हार्लेची असूनही जबरदस्त आहे." दोघंही खरंच बोलतात, आणि 'पण' आणि 'असूनही' या दोन शब्दांतच निम्मं उत्तर येऊन जातं.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी बरीच वर्षं ॲडव्हेंचर बाइक, म्हणजे लांबच्या प्रवासाची आणि कच्च्या रस्त्यावरही चालणारी उंच गाडी, चालवतोय. पॅन अमेरिका माझी नाही. मित्राची स्पेशल (पॅन अमेरिकाची वरची आवृत्ती) दोन लांबच्या फेऱ्यांना चालवली, तेवढ्या अनुभवावर आणि ती रोज चालवणाऱ्यांच्या गप्पांवर लिहितोय.

आधी एक गाळणी लावा. या गाडीचे पहिले फोटो २०१८ मध्ये आले आणि गाडी प्रत्यक्ष सादर झाली २०२१ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात कोणीही तिच्यावर बसलं नव्हतं, तरी प्रत्येकाचं मत तयार झालं होतं. "चामडी जाकीट आणि झालरीवाले आता चिखलात उतरणार" छापाची थट्टा भरपूर झाली. ती मतं आजही फिरतात आणि अनुभवाच्या थाटात सांगितली जातात. समोरचं ते रुंद, चपटं तोंड मात्र मलाही आवडत नाही. चालवताना ते आपल्याला दिसत नाही, एवढंच समाधान.

जुन्या रायडरांच्या शंकेला मात्र आधार आहे. ब्युएल ही कंपनी हार्लेकडे होती तेव्हा, २००५ मध्ये, युलिसिस नावाची याच वळणाची बाइक आली होती. हार्लेच्या स्पोर्टस्टर या क्रूझरच्या घराण्यातलं १२०३ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन आणि चेनऐवजी बेल्ट. तिच्यावर जीव टाकणारे लोक आजही भेटतात. २००९ मध्ये हार्लेने ब्युएलच बंद करून टाकली. त्यामुळे "ही गाडी घेतली आणि कंपनीने मध्येच अंग काढून घेतलं तर?" असं कोणी विचारलं तर त्याला वेड्यात काढू नका. माझ्या मते आता ती भीती कमी आहे. पॅन अमेरिकाच्याच इंजिनावर पुढे स्पोर्टस्टर एस आली, आणि २०२५ मध्ये पॅन अमेरिकाची १७ इंची चाकांची, रस्त्यासाठीची एसटी आवृत्तीही आली.

इंजिनाबद्दल मात्र जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. रिव्होल्यूशन मॅक्स १२५० हे लिक्विड-कूल्ड व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन) सुमारे १५० हॉर्सपॉवर देतं. तुलनेला, त्याच वेळची आर १२५० जीएस १३६ देत होती. पण आकड्यांपेक्षा स्वभाव महत्त्वाचा. हार्लेचा तो ओळखीचा लंगडा ठेका येतो दोन सिलिंडरांमधल्या ४५ अंशांच्या कोनातून आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारी पिन) असल्यामुळे. इथे कोन ६० अंशांचा आहे आणि क्रँकपिन एकमेकींपासून ३० अंश सरकवलेल्या आहेत. त्यामुळे फायरिंग होतं ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखं. म्हणून आवाज वेगळा, म्हणून "हार्ले वाटत नाही". तक्रार आहे तीसुद्धा इथेच. कमाल टॉर्क (इंजिनाची ओढ) ६७५० आरपीएमला येतो. क्रूझरवाल्याला दीड-दोन हजारांवर वरचा गिअर टाकून निवांत जायची सवय असते. तसं केलं की ही गाडी खडखडते, नाराजी दाखवते. एक गिअर खाली घ्या आणि फिरू द्या, मग ती अशी काही सुटते की हसू आवरत नाही. जीएसचं बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांचं) इंजिन खालच्या आरपीएमवर जास्त समजूतदार आहे, हे कबूल करावंच लागेल.

ज्याची चर्चा कमी होते पण मला फार आवडलं, ते म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट, व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळवून घेणारे भाग. एवढ्या वर फिरणाऱ्या, चार कॅमशाफ्टच्या इंजिनात व्हॉल्व्ह ॲडजस्ट करायची भानगडच नाही. या वर्गातल्या बाकी बहुतेक गाड्यांना ठरावीक किलोमीटरनंतर उघडून क्लिअरन्स तपासावा लागतो, आणि ते काम स्वस्तातलं नसतं. ही सोय म्हणजे क्रूझरच्या घरातून आलेला आहेर.

आता उंचीचं प्रकरण, कारण माझ्या दृष्टीने या गाडीची खरी कमाई तिथे आहे. क्रूझरचं सीट सातशे मिलिमीटरच्या आसपास असतं, ॲडव्हेंचर बाइकचं साडेआठशेच्या पुढेमागे. वजन दोघींचंही अडीचशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. वजन उंचावर आणि पाय अर्धवट टेकलेला, या जोडीने भल्याभल्यांना आडवं केलंय. मीही पडलोय. पडलो तेव्हा वेग होता शून्य. उतारावर थांबलो, पाय टेकायला गेलो तर खाली जमीन चार बोटं खोल निघाली, आणि गाडी अगदी सावकाश, आदबीने आडवी झाली. ती दुसरी गाडी होती, आणि चूक सर्वस्वी माझी.

स्पेशलवर मिळणारी ॲडॅप्टिव्ह राइड हाइट नेमका हाच क्षण पकडते. थांबायला आलात की सस्पेन्शन प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण) सोडतं आणि गाडी एक ते दोन इंच खाली बसते. निघालात की पुन्हा वर. पहिल्या दोन सिग्नलला चमत्कारिक वाटतं, तिसऱ्यापासून लक्षातही राहत नाही. उत्पादनात असलेल्या मोटरसायकलवर हे पहिल्यांदा आणलं हार्लेने, म्हणजे ज्यांना "हे काय ॲडव्हेंचर करणार" म्हणून हिणवत होते त्यांनी! पुढे २०२३ मध्ये आलेल्या आर १३०० जीएसवर बीएमडब्ल्यूनेही उंची आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा पर्याय म्हणून दिली. बुटक्या रायडरांना, आणि मी त्यांतलाच, विचाराल तर या एका गोष्टीसाठी गाडी घेतलेले लोक मला माहीत आहेत.

खडीवर, कच्च्या रस्त्यावर कशी? रुंद वाटेवर उत्तम. पेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभं राहिलं की हँडल हाताशी येतं, आणि क्रूझरवरून आलेल्यांना हाच मोठा शोध वाटतो, कारण पुढे ताणलेल्या पायांनी उभं राहताच येत नाही. दोन्ही बाजूंना १९० मिलिमीटरचं सस्पेन्शन आहे आणि ऑफ-रोड मोडमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरणं रोखणारी यंत्रणा) मागचं चाक थोडं घसरू देतं. पण निसरड्या, अरुंद, चढाच्या वाटेवर स्पेशलचे सुमारे २५५ किलो ते २५५ किलोच. ही मर्यादा हार्लेची नाही, मोठ्या ॲडव्हेंचर बाइक नावाच्या अख्ख्या जातीची आहे. ज्यांना खरोखर तसल्या वाटा करायच्यात त्यांनी निम्म्या इंजिनाची गाडी घ्यावी.

बेल्ट नाही, चेन आहे, यावर हार्लेचे जुने भक्त रुसतात. चेनला तेल द्या, ताण बघा, रिम पुसा, हा उद्योग त्यांना ठाऊकच नसतो. पण बेल्ट आणि पुलीच्या मध्ये खडा अडकला की काय होतं, याचा विचार केला तर निर्णय बरोबर वाटतो. उलट जीएसवाल्यांची तक्रार अशी की शाफ्ट (चेनऐवजी मागचं चाक फिरवणारा बंदिस्त दांडा) का नाही. लांब पल्ल्याच्या टुरिंगसाठी ती मला रास्त वाटते.

बाकी कुरबुरी छोट्या, पण त्याच त्याच ऐकू येतात: संथ ट्रॅफिकमध्ये पायांना लागणारी धग, उंच माणसाच्या हेल्मेटवर विंडस्क्रीनवरून येणारा वाऱ्याचा घोळ, आणि बुटाला पटकन न सापडणारा साइड स्टँड. सुरुवातीच्या गाड्यांतल्या सॉफ्टवेअरबद्दलही लोक बोलायचे. वापरलेली घेणार असाल तर सगळे अपडेट आणि रिकॉलची कामं झाली आहेत का, ते कागदावर बघूनच घ्या.

घ्यावी का? सध्या क्रूझर असेल आणि ती विकून ही घ्यायचा विचार असेल, तर थांबा. माझ्या मित्राने विकली. दोन वर्षांनी रविवारच्या निवांत फेरीसाठी पुन्हा एक जुनी क्रूझर शोधून आणली. पॅन अमेरिकाही आहेच, आणि सगळे लांबचे प्रवास तिच्यावरच होतात. मोठ्या ॲडव्हेंचर बाइकांपैकी एक निवडायची असेल, तर हिला यादीत नक्की ठेवा. टेस्ट राइड मात्र सामानाच्या पेट्या लावून आणि मागे माणूस बसवून करा, उंची जुळवणारी यंत्रणा असलेली आणि नसलेली अशा दोन्ही गाड्यांवर. परत आलात की लगेच उतरू नका. जागेवर बसूनच पाच मिनिटं गाडी मागे-पुढे ढकला, वळवा, थोड्या उतारावर उभी करा. तुमचं मत तिथेच ठरेल, सुसाट रस्त्यावर नाही.