अमिओडारोनचे दुर्मिळ दुष्परिणाम खरंच होतात का? गोळी बंद करावी का?

हो, होतात. आमच्या घरात झाले.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना ठोके अनियमित म्हणून अमिओडारोन सुरू केलंय, पाकिटातला कागद वाचून घरचे घाबरलेत, आणि त्वचा निळी पडणं, दिव्याभोवती वलयं दिसणं हे खरं असेल तर गोळी बंद करावी का. बंद करायचं आधी सांगते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा नाही. ही गोळी कुणी हौसेने लिहून देत नाही. बाकीचं उत्तर मात्र अण्णांचं सांगितल्याशिवाय मला देता येणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, तासगावकडचे द्राक्षबागायतदार. हार्ट अटॅकनंतर त्यांचे ठोके बिघडायचे, एकदा बागेतच कोसळले, तेव्हा ही गोळी चालू झाली. अमिओडारोन सुरुवातीला जास्त देतात आणि मग कमी करतात, कारण ते अंगात मुरायला वेळ घेतं. कमी कधी करायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. पण मेडिकलवाला जुनी पट्टी बघून तोच डोस देत राहिला, आणि तपासणीला गेलं की ईसीजी बघून 'छान आहे, चालू ठेवा' एवढंच ऐकायला मिळायचं. गोळी दिवसातून किती वेळा चालली आहे हे कुणी विचारलंच नाही.

मग हळूहळू अण्णांचे हात थरथरायला लागले. चालताना तोल जायचा, भिंतीला हात लावून चालायचे. रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेले आले. आणि चेहरा पाटीसारखा करडा-निळा दिसायला लागला. आता हात थरथरतायत, तोल जातोय, लिव्हर बिघडलंय, तोंड काळवंडलंय, हे सगळं एका माणसात दिसलं की आपल्याकडे लोक काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला वाटी उचलताना अण्णांचा हात हलला आणि आमटी सदऱ्यावर सांडली. शेजारी मामा बसले होते. चार पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दाजी, आता तरी कमी करा." अण्णा माळकरी आहेत. एकादशी कधी चुकली नाही, आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. ते काही बोलले नाहीत, पानावरून उठले. आई पंगत संपेपर्यंत मान खाली घालून वाढत राहिली. मी तिथेच मामांना म्हटलं की हे औषधाचं आहे, मी वाचलंय. मामा म्हणाले, "औषधाने कुणाचं तोंड काळं होतं होय? मळ्यात संध्याकाळी काय चालतं ते तुला काय माहीत." त्यानंतर अण्णांनी लग्नाकार्याला जायचंच सोडलं.

गावात कुणी म्हणायचं फवारणीचं औषध बाधलं, कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या म्हणायचं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनीही रिपोर्ट बघून पहिला प्रश्न 'किती घेता?' असाच केला.

उलगडा मिरजेत झाला. त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी अण्णांना टोपी काढायला लावली, मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं. टोपीखालचं कपाळ मूळ गव्हाळ रंगाचं, आणि टोपी जिथे संपते तिथून खाली निळं. पट्ट्याखालचं मनगटही स्वच्छ. त्या एवढंच म्हणाल्या, "ऊन लागतं तिथेच आहे. काका, हृदयाची कुठली गोळी चालू आहे?" पिशवीतून पट्टी काढून दाखवली आणि विषय संपला. दारूने आलेला काळेपणा टोपीची कड बघून थांबत नाही, मामा.

हृदयाच्या डॉक्टरांनी डोस खाली आणला. थरथर आणि तोल काही महिन्यांत सुधारला, लिव्हरचे आकडे उतरले. चेहऱ्याचा रंग मात्र फार सावकाश कमी होतोय आणि पूर्ण जाईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. हे औषध चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात, त्वचेत साठतं. शरीरातून निम्मं जायलाच सरासरी ५८ दिवस लागतात, कुणाला शंभराच्या वरही. म्हणून गोळी थांबवली की त्रास लगेच थांबेल असं होत नाही, आणि गोळी बंद असतानाही नवा त्रास उपटू शकतो.

आता तुमच्या वडिलांचं. निळ्या रंगाची एवढी धास्ती घेऊ नका, तो सहसा बराच काळ आणि जास्त डोस घेतलेल्यांत दिसतो. उन्हात पूर्ण बाह्या, टोपी किंवा छत्री, आणि काचेतूनही ऊन लागतं हे लक्षात ठेवा. लक्ष ठेवायचं ते थायरॉइडवर आणि फुप्फुसावर. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि माणसाला दिवसाला लागतं ते १५० मायक्रोग्रॅम. थायरॉइड मंदावतो किंवा उलट भडकतो. भडकला तर ठोके पुन्हा बिघडतात, आणि घरच्यांना वाटतं गोळी लागू पडत नाही, डोस वाढवा. तिथे टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय काही करू देऊ नका. कोरडा खोकला किंवा दम लागायला लागला तर 'हवा बदलली' म्हणून घरी बसू नका. सुरू करतानाच टीएसएच, लिव्हर, छातीचा एक्स-रे करून ठेवा. मग टीएसएच आणि लिव्हर दर सहा महिन्यांनी, एक्स-रे वर्षातून एकदा. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर अमिओडारोनमुळे तिचा जोर वाढतो, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, लवकर करा.

दुसरी गोळी बदलून मागू का, असं मनात येईल. ठोक्यांच्या कुठल्याच गोळीला शून्य धोका नाही. १९८९ साली कास्ट नावाच्या अभ्यासात अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड या ठोक्यांच्या गोळ्या दिल्या, जादा ठोके कमी झाले आणि मृत्यू वाढले. सोटालॉल या ठोक्यांच्याच दुसऱ्या गोळीनेही ठोके जीवघेणे बिघडू शकतात. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा.

घरात कुणाचं वागणं, चालणं, रंग बदलला तर आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता. माणसावर संशय घ्यायला नंतर आयुष्य पडलंय. आणि दुष्परिणाम दिसला तर नोंदवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, रुग्णाच्या घरचेही कळवू शकतात. मी कळवलंय. त्या नोंदीची प्रत मामांनाही पाठवली. उत्तर आलेलं नाही.

मी डॉक्टर नाही, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. चेहरा काळवंडायला दुसरीही कारणं असतात, थरथरीलाही, तेव्हा माझं वाचून निदान करू नका. अण्णा आज बागेत उभे आहेत ते याच गोळीमुळे, आता योग्य डोसात.

डोळ्यांचं राहिलं. बुबुळावर बारीक कण साठणं दुर्मिळ नाही, काही महिने गोळी घेतलेल्या जवळजवळ सगळ्यांना होतं. रात्री दिव्याभोवती वलय दिसतं, नजर सहसा शाबूत राहते. पण दिसणं अचानक अंधुक झालं तर ते वेगळं, त्यात डोळ्याच्या नसेला सूज असू शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि गोळीचं नाव आत शिरतानाच सांगा.