जुन्या प्रीमियर पद्मिनीचा इंडिकेटर स्विच घरी बदलता येईल का?

भाऊ, तुमच्या वडिलांच्या पद्मिनीचा डावा इंडिकेटर नीट लागतो, उजवा मात्र दांडी हाताने धरून ठेवली तरच लागतो, आणि वळण झाल्यावर दांडी आपोआप परत येत नाही. बरोबर ना? मग स्विच घरीच बदलता येईल. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात मेकॅनिकला जुन्या गाडीसाठी वेळ नसतो, म्हणून मी माझ्या गाडीचा स्विच अंगणातल्या निंबाखाली बसून बदलला.

पण नवा स्विच आणायच्या आधी एक खात्री करा. डावा लुकलुकतो म्हणजे फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारी डबी, ठीक आहे. आता फ्लॅशरकडून स्विचला येणारी वायर आणि उजव्या दिव्यांकडे जाणारी वायर एका तुकड्याने थेट जोडा, चावी चालू करा. उजवा लुकलुकला, तर दोष स्विचचाच. नाही लुकलुकला, तर बल्ब, होल्डरचा गंज आणि अर्थिंग (दिव्याची बॉडीला होणारी जोडणी) बघा. शेजाऱ्यांची गाडी कापसाच्या ढिगाजवळ उभी असायची. तिथे उंदरांनी मागची वायर कुरतडली होती आणि स्विच उगाच विकत आणला गेला.

स्विच बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिले काढा. हॉर्नचं बटण काढून चक्क्याचा, म्हणजे स्टेअरिंग व्हीलचा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. चक्का एकदम सुटला तर थेट तोंडावर येतो. चाकं सरळ ठेवून चक्का आणि तो ज्यावर बसतो तो स्टेअरिंगचा दांडा, दोन्हींवर मिळून एक खूण करा. चक्का पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढा. हातोडी मारू नका, तो मार खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

माझा जुना स्विच उघडला तेव्हा उजवीकडचा पितळी कॉन्टॅक्ट जळून काळा पडला होता आणि दांडी परत आणणारा प्लास्टिकचा दात मुळापासून तुटला होता. चक्क्यासोबत फिरणारा उंचवटा या दाताला ढकलतो, म्हणून दांडी परत येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बंद गाडीत तर त्याहून जास्त. तिथे जुनं प्लास्टिक किती टिकणार? कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासून चालतो, पण तुटलेला दात चिकटवून टिकत नाही. तुमचाही तुटला असेल, तर नवाच घ्या. नागपूरला जुना स्विच सोबत न्या आणि शेजारी ठेवून दात, भोकं, वायरी जुळवून पाहा.

वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. रंगांवर भरवसा नको, मधे कोणीतरी वायरी बदललेल्या असतातच.

चक्का खुणेवरच बसवा. चक्का दांड्यावरच्या खाचांत एक खाच जरी इकडेतिकडे बसला, तर दांडी एका बाजूला लवकर परत येते, दुसऱ्या बाजूला उशिरा. नट घट्ट आवळा, यात हयगय नको. मग चक्का दोन्ही टोकांपर्यंत फिरवून वायर कुठे घासत तर नाही ना, हे बघा. कापसाच्या दिवसांत रात्री मागून भरलेले ट्रॅक्टर येतात, म्हणून एक फेरी अंधारात मारा आणि मागे कोणाला तरी उभं करून चारही दिवे तपासून घ्या.